भाऊबंदांचा व्यवहार आणि नोंदलेला दस्त

‘घरातल्या घरात कागद कशाला? सातबाऱ्यावर नाव आहे, झाले की!’ हे उद्गार कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, उभा मारुती चौकात काय आणि निवृत्ती चौकात काय, जमिनीची गोष्ट निघाली की वडीलधाऱ्यांच्या तोंडून हमखास ऐकू येतात. आणि ते काढणारी माणसे बहुधा सरळमार्गी व दिल्या शब्दाला जागणारी असल्यामुळेच त्या मताचे खंडन अधिक निकडीचे ठरते. भावाकडून किंवा चुलत्याकडून जमीन घेताना मुद्रांकाचा व नोंदणीचा आग्रह धरणे म्हणजे रक्ताच्या नात्यावर अविश्वास दाखविणे होय, हा या पक्षाचा सिद्धान्त. आणि महसुली दप्तरातील नाव हीच मालकी, हा त्याचा आधार.

आधार आधी तपासू. सातबारा हा सारावसुलीच्या सोयीसाठी ठेवलेल्या दप्तराचा उतारा आहे. 1918 साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा दप्तर लिहिणारा हात बदलला. दप्तराचे प्रयोजन बदलले नाही. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम 157 अशा नोंदी खऱ्या मानावयास सांगते, आणि प्रतिपक्ष त्याचाच हवाला देतो. परंतु ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ ही त्या कलमातील मर्यादा तो सोयीस्करपणे गाळतो. फेरफाराने मालकी जन्मास येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. आणि पेठेतल्या घरांना सातबाऱ्याऐवजी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका असली तरी न्याय तोच.

जुना उतारा हाती घेऊन जरा निरखून पाहावा. थोरल्या भावाच्या नावामागे पुष्कळदा ‘ए. कु. मॅ.’ अशी बारीक अक्षरे असतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढाच त्यांचा अर्थ. म्हणजे नाव एकाचे दिसले तरी जमीन सर्वांची. त्या एकट्याची सही घेऊन पंचगंगेकाठचा उसाचा तुकडा खरेदी करणाऱ्या पुतण्याला उरलेल्या हिस्सेदारांचा दावा पुढे केव्हा दत्त म्हणून उभा राहील, याची शाश्वती कोणी द्यावी?

पेठेतील वाड्यांची गोष्ट तर याहून नाजूक. एक चौक, दोन चुली, सामाईक जिना, आणि वाटणी केवळ तोंडी. अशा घरातला आपला अविभक्त हिस्सा एका भावाने परक्यास विकला, तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 44 प्रमाणे त्या परक्यास घरात सामाईक ताबा मागता येत नाही. आणि त्याने वाटपाचा दावा लावलाच, तर 1893 च्या वाटप अधिनियमाच्या कलम 4 अन्वये घरचा हिस्सेदार न्यायालयाने ठरविलेली किंमत देऊन तो हिस्सा परत घेऊ शकतो. कायदा घराचे घरपण किती जपतो, हे यावरून दिसावे. कागदाला नात्याचा शत्रू म्हणणारांनी ही कलमे एकदा तरी वाचली आहेत काय?

कुलमुखत्यारपत्रावर किंवा साठेखतावर भिस्त ठेवणारांस थोडक्यात उत्तर पुरे: त्यांनी स्थावराची मालकी मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा स्पष्ट निर्णय आहे. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा, बोजा पाहावा, सर्व वारसांची वंशावळ लिहून काढावी, मोजणी करून चतुःसीमा दस्तात घालाव्यात. हा खर्च जड वाटतो खरा. पण दिवाणी दाव्यात पिढी खर्ची पडते, त्याचा हिशेब या मंडळींनी कधी मांडलेला नाही.

आता मला सर्वांत बोचणारी गोष्ट. ‘घरातल्या घरात’ या शब्दांत बहीण नेहमी हरते. बापाचे कार्य आटोपते न आटोपते तोच साडीचोळी करून तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती निमूट सही करते. वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, हे हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या 2005 च्या दुरुस्तीने ठरविले. त्यासाठी त्या वर्षी बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाने निःसंदिग्ध केले. बहिणीने समजून उमजून, प्रेमाने हक्क सोडला तर त्यास कोणाचीच हरकत नाही. पण भिडेने घेतलेल्या सहीस प्रेम म्हणणे हा प्रेमाचाच अपमान आहे. भावाला जमीन हवी असेल तर त्याने तिचा हिस्सा चालू बाजारभावाने विकत घ्यावा, खरेदीखतात रक्कम अक्षरी लिहावी, ती तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करावी, आणि मसुदा तिच्या पसंतीच्या वकिलास दाखविण्यापुरती उसंत तिला सही करण्यापूर्वी द्यावी.