जायबंदी हाताने वाहन?

गळ्यात झोळी, मनगटाला प्लास्टर आणि उरलेल्या एका हातावर स्कूटर, असा इसम आपल्या रस्त्यांवर दिसला तर कोणी वळूनही पाहत नाही. उलट ‘हात मोडला तरी कामाला चुकत नाही’ असे कौतुकच त्याच्या वाट्याला येते. हे कौतुक अस्थानी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. प्लास्टर घातलेल्याने वाहन चालवू नये, असे नाव घेऊन सांगणारे कलम मोटार वाहन कायद्यात नाही. त्यावरून ‘कायद्याची आडकाठी नाही’ असे बेधडक ठोकून दिले जाते. परंतु १९८८ च्या या कायद्याचे १८६ वे कलम पुरेसे बोलके आहे. ज्या आजारामुळे अथवा अक्षमतेमुळे आपले वाहन चालवणे लोकांस धोकादायक ठरेल, ती आपणास आहे हे ठाऊक असूनही जो सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवतो, तो दंडास पात्र ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा दंड पहिल्या गुन्ह्यास एक हजार रुपयांपर्यंत व पुढील गुन्ह्यास दोन हजारांपर्यंत आहे. वाहन धोकादायक रीतीने चालवले गेलेच, तर १८४ व्या कलमाखाली तुरुंगाचीही वाट उघडते. या साऱ्यात ‘ठाऊक असूनही’ हे शब्द कळीचे आहेत. दुखापत किती हे पोलिसाला रस्त्यावर मोजता येणार नाही; पण ज्याचे मनगट प्लास्टरमध्ये आहे, त्याला ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणण्यास जागा उरत नाही.

आता सुरक्षिततेचे. गिअरच्या दुचाकीवर डावा हात क्लच सांभाळतो. उजव्याकडे रेस आणि पुढचा ब्रेक असतो. वाहन थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून तो ब्रेकच अधिक कामाचा. यांपैकी एक हात निकामी झाला तर सरळ, मोकळ्या रस्त्यावर कदाचित निभावून जाईल. परंतु ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. चोर्ल्याच्या घाटातील वळणावर समोरून ट्रक आला, की एका हाताच्या हिकमतीला तेवढी सवड मिळत नाही. मोटारीतही डावा हात गिअरवर जातो, तेव्हा सुकाणू उजव्यावरच असते. स्वयंचलित गिअरमुळे एक काम कमी होते, पण अचानक वाहन वळवण्यास दोन हात लागतातच. त्यात दुखणे शमवणाऱ्या काही औषधांनी गुंगी येते, ती वेगळीच. मनगटाचे प्लास्टर अनेकदा सहा आठवड्यांनी निघते, परंतु ते निघाले म्हणजे हात बरा झाला असे नव्हे. आखडलेले सांधे आणि गेलेली पकड यांना आणखी काही काळ द्यावा लागतो.

येथे कोणी विचारील, मग कायमचे अपंगत्व असलेल्यांनी वाहन चालवूच नये काय? अवश्य चालवावे. केरळमधील जिलुमोल मॅरिएट थॉमस या दोन्ही हात नसलेल्या तरुणीने २०२३ साली रीतसर परवाना मिळवला. परंतु त्यासाठी तिची मोटार तिच्या शरीराला अनुरूप करून घेण्यात आली आणि तिच्या कौशल्याची परीक्षा झाली. काल हात मोडलेल्याचे वाहन दोन हातांसाठीच बनलेले असते आणि त्याची परीक्षा कोणीही घेतलेली नसते. फरक आहे तो इथे.

तथापि या प्रश्नाची खरी बोच पोटाशी आहे. गोव्यातील मोटारसायकल ‘पायलट’ घ्या. हात प्लास्टरमध्ये गेला की त्याची त्या दिवसापासूनची कमाई बंद. कामगार राज्य विमा योजनेतील कामगाराला आजारपणात काही रोख लाभ मिळतो. स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या पायलटाच्या मागे नोकरीतला असा आधार नाही. त्याला केवळ उपदेश करणे हा निर्दयपणा होय. त्याच्या सक्तीच्या विश्रांतीच्या आठवड्यांसाठी सरकारने आणि व्यवसायाच्या संघटनांनी मिळून साहाय्यनिधी उभारावा, ही मागणी आम्ही करीत आहोत. मात्र त्याच्या मागे बसणारा प्रवासी आपला जीव त्या दोन हातांच्या भरवशावर टाकतो, हेही विसरून चालणार नाही. आणि ‘गाडी काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस’ असे चालकाला बजावणाऱ्या मालकांनी कायद्याचे १८८ वे कलम अवश्य वाचावे. अशा गुन्ह्यास चिथावणी देणाराही शिक्षेस पात्र आहे.

वाचकांना आमचे सांगणे साधे आहे. प्लास्टर घालतानाच ‘वाहन कधी चालवू?’ हे डॉक्टरांना विचारा आणि उत्तर लिहून घ्या. प्लास्टर निघाल्यावर उभ्या वाहनात सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, ब्रेक पूर्ण आवळून पाहा. कळ आली, पकड सुटली, तर किल्ली घरच्यांच्या हाती द्या आणि कदंबची बस धरा. मोडलेले हाड काही आठवड्यांत सांधते. आपल्या हट्टापायी रस्त्यावर पडलेला परका माणूस मात्र कोणत्याही प्लास्टरने उठवता येत नाही.