सुरतेच्या बसची पाटी

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तरांची कचेरी तिकडे. गाडीची सूचना तेथे मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत दिली जाते. त्याने दोन्ही राज्यांचे काही बिघडलेले नाही.

याच ताप्ती व्हॅली मार्गाने आपल्या गावांतली माणसे सुरतेला जातात. कोणी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, कोणी लूमवर, तर कोणी सिव्हिल हॉस्पिटलात रुग्ण घेऊन. उधना, लिंबायत, डिंडोलीत तर खानदेशच जाऊन वसला आहे. उधन्याला उतरेपर्यंत अडचण नसते. रेल्वेच्या पाटीवर हिंदी असते. अक्षर देवनागरी, म्हणून आपले म्हातारेही ते वाचतात. अडचण सुरू होते ती स्टेशनाबाहेर.

जानेवारी २०१४ पासून सुरतेत बीआरटीएसच्या बसगाड्या धावत आहेत. बसला वेगळी राखलेली वाट आणि शंभर किलोमीटरांहून मोठे जाळे! व्यवस्था चांगली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु पाट्या मुख्यतः गुजराती व इंग्रजीत. सातवी शिकलेला आपला गडी तेथे अंगठाबहाद्दर ठरतो आणि रिक्षावाला मागेल ते देऊन मोकळा होतो. दिवसाच्या रोजातून एवढी रक्कम केवळ अक्षर न कळल्यापायी जावी, ही साधी गोष्ट नव्हे.

सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. तिचे हे श्रेय नाकारता येणार नाही. मग ज्या मुलांना पालिका मराठीतून शिकवते, त्यांच्या आईबापांसाठी तिच्याच सिटीलिंक बसवर, निदान उधना-लिंबायतच्या मार्गांवर, देवनागरीची एक ओळ का नसावी? ही मागणी भांडणाची नाही. नवापूरला गुजराती बांधवांना जे मिळते, तेच उधन्याला आपल्याला हवे आहे.

पण पाटी बदलेपर्यंत काय? समितीत मी गुजराती लिपी शिकवण्याचा विषय काढला, तेव्हा काही सभासद रागावले. ही शरणागती आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. लिपी वाचता आली म्हणून मातृभाषा जात नाही. उलट हक्क मागणारा माणूस अधिक ताठ उभा राहतो. आणि लिपी आहे तरी किती दूरची? शिरोरेषा काढली की ग, त, न, प, म, स जवळजवळ आपलेच. क, ख, च, ज, फ, ब, ल मात्र वेगळे गिरवावे लागतात. 'र' आपल्या दोनासारखा दिसतो, तर पाचाचा आकडा थेट 'प'सारखा. बसचा नंबर चुकतो तो इथेच.

आठवडाभराचे काम आहे. आमच्या शाळेत शनिवारच्या शेवटच्या तासाला सातवीची मुले हे गिरवतात आणि घरी जाऊन बापाला शिकवतात. अक्षरांचा तक्ता आम्ही तयार केला आहे. ज्या शाळांना हवा असेल, त्यांनी समितीकडे निरोप द्यावा.