दाराबाहेरचे दहा आकडे



मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहावयास जाताना आपण औषधांची यादी करतो, विम्याचे कागद जपून ठेवतो, मेतकूट आणि भाजणीचे पुडे विसरत नाही. तिथल्या घराच्या दाराचा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. दार म्हणजे दार, त्यात पाहायचे काय, असे आपल्याला वाटते. हा लेख त्या दाराविषयी आहे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. न्यू जर्सीतील डिसेंबर महिना आहे. तिथे या दिवसांत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपण चारला फेरफटका मारावयास निघालात. सून कामावर आहे, नातवंडे शाळेतून अजून आलेली नाहीत. परत येता येता अंधारून आले आणि दार बंद. फोन घरातच राहिला आहे. शेजारी माणसाची चाहूल नाही. वाढत्या वयात शरीर आपली उष्णता पूर्वीइतकी राखू शकत नाही आणि थंडीची जाणीवही मंदावते. त्यामुळे तरुणाला जी अर्ध्या तासाची गैरसोय वाटेल, ती सत्तरी ओलांडलेल्याला आजारपण ठरू शकते.

अमेरिकेतील उपनगरांत समोरचे दार बहुधा पाहुण्यांसाठी असते. घरची माणसे गॅरेजमधून ये-जा करतात. मोटारीत बसून रिमोटचे बटण दाबले की ते अवजड दार वर सरकते. मोटार न चालवणाऱ्या आपल्यासारख्यांकडे रिमोट नसतो. त्यांच्यासाठी गॅरेजच्या दाराबाहेर, चौकटीलगत भिंतीवर बसवलेला कीपॅड हाच घरात शिरण्याचा मार्ग. ठरलेले आकडे दाबायचे आणि शेवटी 'एंटर' दाबायचे. हा कीपॅड बिनतारी असून बॅटरीवर चालतो आणि छताला टांगलेल्या मोटरला संदेश पाठवतो. तो निवडतात मुले, वापरावा लागतो आपल्याला. म्हणून हा लेख दोघांनी मिळून वाचावा.

पहिली गोष्ट तांत्रिक आहे आणि ती मुलांनी पाहावी. कोणताही कीपॅड कोणत्याही मोटरशी बोलत नाही. बहुतेक नव्या यंत्रणांमध्ये प्रत्येक वेळी संकेत बदलतो, म्हणजे कोणी तो चोरून टिपला तरी पुढच्या वेळी त्याचा उपयोग होत नाही. म्हणून मोटरची बनावट आणि तिच्यावरील 'लर्न' बटणाचा रंग पाहून जुळणारा कीपॅड घ्यावा. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर यांच्या मोटरवर त्या बटणाच्या रंगावरूनच यंत्रणेची पिढी ओळखता येते.

दुसरी गोष्ट बोटांची. संधिवाताने आखडलेल्या किंवा कंपवाताने थरथरणाऱ्या हाताला गुळगुळीत स्पर्शफलकापेक्षा उठावदार, अंतराअंतरावर असलेली आणि दाबल्याचे बोटाला कळणारी रबरी बटणे सोयीची पडतात. ती हातमोजे घालूनही दाबता येतात. आकडे ठळक असावेत आणि झाकण उघडताच त्यांच्यामागे उजेड यावा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तिन्हीसांजेला या उजेडाचा मोठा आधार असतो. एका आकड्यानंतर दुसरा दाबावयास कीपॅड किती वेळ थांबतो, हेही पाहावे. संथ हाताला घाई करणारा कीपॅड नको.

बोटाच्या ठशाने उघडणारे संचही मिळतात. आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत म्हणून मुलांना ते आपल्यासाठी उत्तम वाटतात. प्रत्यक्षात उतारवयात त्वचा पातळ व कोरडी होते, आयुष्यभराच्या कामाने ठशांच्या रेषा झिजतात, आणि थंडीत तर यंत्र बोट ओळखतच नाही. ठशाची सोय असल्यास असू द्यावी, परंतु तिच्यासोबत आकड्यांची सोय हवीच. फोनवरून दार उघडण्याच्या सोयीचेही तसेच आहे. मुलगा कार्यालयात बसून दार उघडू शकतो, ही गोष्ट दिलासा देणारी खरी, पण ती इंटरनेटवर आणि त्याच्या मोकळ्या वेळेवर अवलंबून असते.

आता आकड्यांविषयी. चार आकड्यांचा संकेत घेतला तर दहा हजार शक्यता होतात. पण नेहमी तीच चार बटणे दाबून ती झिजली, तर पाहणाऱ्याला फक्त चोवीस क्रम करून पाहावे लागतात. म्हणून संकेत अधूनमधून बदलावा आणि बटणे पुसून ठेवावीत. जन्मसाल नको, टपालपेटीवर लिहिलेला घरक्रमांक नको, एक-दोन-तीन-चार तर मुळीच नको. नवा संकेत पाठ करण्यापेक्षा जुन्या आठवणीतून काढावा. गावाकडच्या दूरध्वनीचे शेवटचे चार आकडे, पहिल्या स्कूटरचा क्रमांक, मॅट्रिकचा बैठक क्रमांक हे आकडे आपल्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात, आणि तिथल्या कोणाला ते ठाऊक नसतात. परिचारिका किंवा मदतनीस येत असेल तर तिला वेगळा, तात्पुरता संकेत द्यावा आणि काम संपताच तो काढून टाकावा.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. रोज बिनचूक दाबलेला संकेत वडील किंवा आई वरचेवर विसरू लागली, तर रागावू नका आणि केवळ संकेत बदलून थांबूही नका. डॉक्टरांना सांगण्याजोगी ही गोष्ट आहे. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले असेल, तर सोबतीची जागा कोणताही कीपॅड घेऊ शकत नाही.

दार उघडले म्हणजे घरात पोहोचलो, असेही नाही. गॅरेजमधून घरात जाणारे आतले दार कुलूपबंद असू शकते. अनेक घरांत आत शिरताच धोक्याची घंटा वाजते आणि ती थांबवण्याचा संकेत निराळा असतो. या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्याव्यात.

सुरक्षेविषयी थोडे. 1 जानेवारी 1993 नंतर अमेरिकेत बनलेल्या घरगुती मोटरींना, खाली येणारे दार अडथळा लागताच उलट फिरवणारी यंत्रणा सक्तीची आहे. चौकटीच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेले दोन प्रकाश-संवेदक त्याचाच भाग आहेत. तरीही दार सरकत असताना त्याखालून जाऊ नये. कीपॅड लहान मुलांच्या हाताला न येणाऱ्या उंचीवर, साधारण पाच फुटांवर, आणि दार दिसेल अशाच जागी बसवतात. चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्याला ही उंची गाठता येणार नाही, म्हणून त्याच्यासाठी समोरच्या दाराचा विचार करावा. वीज गेली तर मोटर चालत नाही. कॅलिफोर्नियात 2017 च्या वणव्यांत वीज नसल्याने लोकांना गॅरेजची दारे उघडता आली नाहीत. त्यानंतर तिथे 1 जुलै 2019 पासून विकल्या जाणाऱ्या मोटरींना राखीव बॅटरी सक्तीची झाली. इतरत्र ती आहे की नाही, हे विचारावे. आत लाल दोरी लोंबत असते. ती ओढल्यावर दार मोटरपासून सुटे होते आणि हाताने उचलता येते. ती कशी ओढायची, हे मुलाने दार बंद असताना एकदा दाखवावे. दाराच्या स्प्रिंगला मात्र हात लावू नये. तिच्यात प्रचंड ताण असतो. कीपॅडची बॅटरी कडाक्याच्या थंडीत लवकर मंदावते, म्हणून हिवाळा लागण्यापूर्वी ती बदलून घ्यावी.

आता आपण काय करावे? पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात, मुले घरी असताना, अंधार पडल्यावर बाहेर उभे राहा. हातमोजे घाला, चष्मा खिशात ठेवा, आणि कोणाची मदत न घेता दार दहा वेळा उघडा व बंद करा. चुकले तर हसा आणि पुन्हा करा. समोरच्या दाराची एक किल्ली गोफात ओवून गळ्यात असू द्या. घराचा पत्ता आणि दोन फोन क्रमांक लिहिलेला कागद कोटाच्या खिशात ठेवा. एका शेजाऱ्याची ओळख करून घ्या.

इथे पुण्यात, नाशकात किंवा ठाण्यात सदनिकेच्या दाराला आकड्यांचे कुलूप बसवणाऱ्यांनाही हीच परीक्षा लागू आहे. त्यात एक भर घालावी. असे कुलूप बसवल्यावर रात्री आतून कडी घालण्याची जुनी सवय सोडावी लागते. आत पडलेल्या माणसापर्यंत बाहेरून पोहोचता यावे, म्हणून तर आपण ते कुलूप घेतो, आणि कडी ती वाटच बंद करते.

जाण्याची तयारी सुरू असेल, तर आजच मुलीला फोन लावा. तिकिटाचे बोलणे झाले की विचारा: गॅरेजबाहेरचा कीपॅड चालू आहे का, आणि आमचा आकडा कोणता?