पळते गाडी, झिजतो माणूस

पोस्टिंग कुठलीही असो, एक वाक्य हमखास कानावर येतं: "मोटरसायकलच्या शर्यतीत कसली मेहनत? पळते ती गाडी, हा नुसता बसलेला!" सध्या बंगळुरूत आहे, इथंही तेच. माझं मत साफ उलटं आहे.

मोटोक्रॉसमध्ये कुणी बसून नसतो. स्वार बराच वेळ फूटरेस्टवर उभा असतो. शंभर किलोहून जड गाडी गुडघ्यांत आवळून तो खड्डे आणि उंचवट्यांवरून नेतो. शॉकॲब्जॉर्बर उरलेला दणका त्याच्या कंबरेला आणि मनगटांना देतो. जागतिक स्पर्धेत एका दिवसात अशा दोन शर्यती होतात, प्रत्येक 30 मिनिटं अधिक दोन फेऱ्या. नाडी 180 च्या आसपास जाते आणि तिथंच टिकते. बीपीईटीचे 5 किलोमीटर पळताना छातीचा भाता कसा व्हायचा, आठवतंय ना? इथं तीच धाप, वर हेल्मेट, कवच आणि जड बूट. त्यात कोपराखालचे स्नायू फुगून दगडासारखे होतात. याला 'आर्म पंप' म्हणतात. मग बोटांना ब्रेक आणि क्लच नीट दाबता येत नाहीत.

धोका नेमका इथं आहे. थकलेल्या हातानं अर्धा सेकंद उशीर केला की उडीचा अंदाज चुकतो. अमेरिकेचा विजेता डेव्हिड बेली 1987 मध्ये सराव करताना पडला, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कंबरेखालचं शरीर कायमचं निकामी झालं. मोटोक्रॉसमधून रॅलीकडे वळलेला आपला सी. एस. संतोष जानेवारी 2021 मध्ये सौदी अरेबियातल्या डकार रॅलीत पडला. डोक्याला मार लागला आणि डॉक्टरांना त्याला औषधं देऊन बेशुद्धीत ठेवावं लागलं. दोघेही कसलेले, पूर्ण तयारीचे.

म्हणून गावाकडची पोरं चप्पल घालून, हेल्मेटशिवाय, दूध घालायच्या गाडीवरून बांध उडवतात आणि व्हिडिओ काढतात, तेव्हा मला त्यात धाडस दिसत नाही. खरा खेळाडू गाडीवर बसण्याआधी महिनोन्‌महिने धावतो, सायकल मारतो, मान आणि पाठ घडवतो. पिवळा झेंडा हलताना दिसला की वेग कमी करतो, उडी मारत नाही, कुणाला मागे टाकत नाही. पुढं कुणीतरी पडलेलं असतं. ही शिस्त आपल्याला नवी नाही.

माजी सैनिक बांधवांनो, गावात पोरं तुमचं ऐकतात. त्यांना खेळापासून तोडू नका. फक्त तीन गोष्टी विचारा: अंगावर पूर्ण कवच आहे का? ट्रॅकवर झेंडेवाला आहे का? ॲम्ब्युलन्स उभी आहे का? एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर किल्ली काढून खिशात टाका. पोरगं चार दिवस रुसेल, पण स्वतःच्या पायांवर उभं राहून रुसेल.

जय हिंद.