पेटी टाकून देऊ नका

'आकाशाला गवसणी घालणे' हा वाक्प्रचार आपण सर्वजण निबंधात हमखास वापरतो. परंतु गवसणी म्हणजे नेमके काय, असे वर्गात विचारले तर फारच थोडे हात वर होतील. गवसणी म्हणजे वाद्यावर घालावयाची कापडी खोळ. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी आपण अभिमानाने वाचली. पण तंबोऱ्याच्या प्रत्येक भोपळ्याचा घेर निराळा असतो आणि म्हणून एकाची गवसणी दुसऱ्याला नीट बसत नाही, याकडे किती जणांचे लक्ष जाते? वाद्य जपावे आणि त्याचे आवरण अडगळीत फेकावे, ही आपली रीत मला खटकते.

परदेशात याच्या अगदी उलट प्रकार आहे. तेथे जुन्या इलेक्ट्रिक गिटारबरोबर तिची मूळ पेटी आहे काय, हे आधी पाहतात. गिब्सन कंपनीच्या १९५८ ते १९६० या काळातील 'लेस पॉल' गिटारसोबत येणारी, बाहेरून तपकिरी व आतून गुलाबी अस्तराची पेटी आज रिकामी असली तरी हजारो डॉलरना विकली जाते. जेथे पैसा तेथे नक्कल आलीच. म्हणून मूळ पेटी ओळखण्याचे तेथे जणू एक शास्त्रच झाले आहे. कड्या, बिजागऱ्या व मूठ त्याच काळातील आहेत काय? आतल्या बाजूस पेटी करणाऱ्याची पट्टी आहे काय? फेंडर कंपनीच्या पेट्यांवर १९५० च्या दशकात जाड विणीचे पिवळसर कापड असे, पुढच्या दशकात तपकिरी, पांढरे आणि मग काळे रेक्झीनसारखे आवरण आले. तेव्हा १९५६ च्या गिटारखाली काळी पेटी दिसली की जाणकार थबकतो. सर्वांत मोठा पुरावा अस्तरातच असतो. वर्षानुवर्षे एकाच जागी पडून राहिल्याने खुंट्यांचे, बटणांचे, तारांखालच्या पुलाचे ठसे मखमलीत उमटतात. ते ठसे वाद्याशी जुळले, तर दोघांचा संसार जुना आहे असे खुशाल समजावे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. कांताबाई सातारकरांचे संगमनेर याच जिल्ह्यातले. तमाशाच्या फडात ढोलकी, हलगी, तुणतुण्याबरोबर पुढे विजेवरची वाद्येही आली. माझे थोरले चुलते अशाच एका फडात इलेक्ट्रिक गिटार वाजवीत. ती गिटार त्यांनी मुंबईहून जुनी घेतली, तीही पेटीविनाच. मग फडातल्या सुताराने प्लायवूडची पेटी ठोकून दिली. बाहेरून रेक्झीन, आतून आजीच्या जुन्या लुगड्याचे अस्तर. झाकणाच्या आत तात्यांनी पेन्सिलीने प्रत्येक जत्रेचे गाव आणि साल लिहिले आहे. तात्या चौथीपर्यंत शिकले. आमच्या घराण्याचा याहून जुना लेख घरात नाही.

गेल्या वर्षी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी गिटार पाहून गेला. त्याने सांगितलेल्या रकमेत माझी वर्षाची फी भागली असती. पण तो म्हणाला, "खोकं राहू द्या, ते काही ओरिजिनल नाही."

माझा वाद येथेच आहे. ओरिजिनल कोणाच्या लेखी? कारखान्यातून जी वाद्यासोबत निघाली तीच मूळ पेटी, ही व्याख्या नवे वाद्य विकत घेऊ शकणाऱ्यांची आहे. आपल्याकडच्या कलावंताला वाद्य बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातचे मिळे. त्याची मूळ पेटी म्हणजे ज्या पेटीत त्या वाद्याने एस.टी.च्या टपावरून आणि फडाच्या ट्रकमधून प्रवास केला ती. ठशांची कसोटी तिलाही लावून पाहा, ती उतरेल. तात्यांच्या पेटीत लुगड्याच्या काठावर खुंट्यांच्या सहा खुणा स्पष्ट आहेत.

कोणी म्हणेल, पोटाची भ्रांत असणाऱ्याने खोकी जपावीत काय? प्रश्न रास्त आहे. विकू नका असे मी म्हणत नाही. आमच्याही घरी अजून निर्णय झालेला नाही. परंतु विकायचे तर दोन्ही एकत्र विकावे, आणि तत्पूर्वी झाकणावरचा मजकूर उतरून घ्यावा, छायाचित्र काढावे. नवे अस्तर लावू नये, रंगरंगोटी करू नये. स्वच्छतेच्या नावाखाली पुसला जातो तो पुरावाच.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात आणि आपल्या नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जाऊन जुन्या वस्तू पाहण्याची सहल आपण काढतो. त्याच उत्साहाने आपल्या गावच्या बँडवाल्यांच्या, भजनी मंडळांच्या, फडांच्या घरी का जाऊ नये? राजेरजवाड्यांचा इतिहास ताम्रपटात आहे, वाजविणाऱ्यांचा मात्र झाकणाच्या आतल्या बाजूस आहे. मराठी व इतिहास विभागांतील प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, येत्या वर्षी विद्यार्थ्यांकडून अशा पेट्यांची आणि गवसण्यांची नोंदवही करवून घ्यावी. पहिली नोंद द्यायला मी तयार आहे.