चार दिवस दवाखान्यातून सुट्टी घेऊ नका!



कपाशीवर फवारताना विषबाधा झाली. तोंडाला फेस, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. दवाखान्यात ॲट्रोपिन दिलं, घाम थांबला, माणूस बोलू लागला. घरचे म्हणतात, वाचला! वॉर्डात खाटा कमी, म्हणून दुसऱ्याच दिवशी सुट्टी. घात होतो तो इथे.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीच्या विषाचा दुसरा फटका बहुधा 24 ते 96 तासांत बसतो आणि तो स्नायूंवर बसतो. आधी मान जाते. उताणं झोपलेल्या माणसाला उशीवरून डोकं उचलता येत नाही. मग खांदे आणि मांड्या लुळ्या पडतात, पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही. शेवटी छातीचे स्नायू थकतात, श्वास अडतो. ॲट्रोपिन लाळ आणि छातीतला कफ आवरतं, पण या लुळेपणावर त्याचा काही उपयोग नाही. तिथे व्हेंटिलेटरच लागतो, कधी कधी दोन-तीन आठवडे. तो वेळेवर मिळाला तर माणूस पुन्हा उठून चालू शकतो.

ही माहिती नवी नाही. पुण्यात डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी टिक-20 या त्याच जातीच्या कीटकनाशकाच्या विषबाधेचे 200 रुग्ण तपासून हा उशिरा येणारा लुळेपणा 1974 सालीच छापून मांडला. 1987 मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी त्याला ‘इंटरमीजिएट सिंड्रोम’ म्हटलं. तरी 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसवर माणसं गेली, तेव्हा चर्चा कशाची? मजुराने मास्क का घातला नाही, याची! (पावसाळ्याच्या उकाड्यात, डोक्याएवढ्या कपाशीत, तो मास्क लावून साहेबांनी एक दिवस पंप पाठीवर घ्यावा.)

आमची मागणी साधी आहे. असा रुग्ण किमान चार दिवस देखरेखीखाली ठेवा, त्याची मान आणि श्वास दर काही तासांनी तपासा, आणि तालुक्याच्या ठिकाणी चालू व्हेंटिलेटर व तो चालवणारा माणूस द्या. उद्घाटनापुरतं यंत्र नको.

नातेवाइकांनो, विष फवारताना अंगात गेलं की रागाच्या भरात प्यायलं, लुळेपणा दोन्हींत येऊ शकतो. लाजेपायी किंवा पोलिसांच्या धाकाने रुग्णाला लवकर घरी नेऊ नका. औषधाचा डबा दवाखान्यात दाखवा. घरी आल्यावर मान उचलेना, गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.