आमटीतील तूर

पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दररोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजीपाला आणि 5 ग्रॅम तेल, हे शालेय पोषण आहाराचे सरकारी प्रमाण मुख्याध्यापकांना पाढ्यासारखे मुखोद्गत असते. परंतु यांपैकी कोणती वस्तू कोठून येते याची पृच्छा पालकसभेत क्वचितच होते, आणि माझ्या मते या योजनेचे खरे वैगुण्य तेथेच आहे.

तांदूळ भारतीय अन्न महामंडळाचा. केंद्र सरकार तो विनामूल्य देते, आणि मनमाडसारख्या विशाल कोठारांतून निघून, जेथे भाताचे खाचर दृष्टीस पडणे दुर्मीळ अशा बीड-सोलापूरच्या ज्वारीच्या मुलखातही तो मक्तेदाराच्या वाहनाने शाळेच्या दारी उतरतो. 1995 साली योजना सुरू झाली तेव्हा हजेरी पाहून महिन्याला तीन किलो तांदूळ घरी देण्याचा शिरस्ता होता. शिजवलेले अन्नच द्यावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम 28 नोव्हेंबर 2001 चा. अलीकडे या तांदळात शंभरास एक या प्रमाणात लोह व जीवनसत्त्वे घातलेले दाणे मिसळू लागले. त्यांचे रूप निराळे, म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी आवई गावोगाव उठली. तिला हसणाऱ्या अधिकाऱ्यांनी गोणीसोबत चार ओळींचा खुलासा धाडला असता, तर ती उठतीच ना.

तथापि एवढ्या लेकरांच्या तांदळाची बेगमी केंद्रीय कोठारावाचून होणे कठीण, हे मला मान्य आहे. माझी तक्रार डाळीविषयी आहे. डाळ, तेल, हळद, जिरे, मोहरी यांस दप्तरी भाषेत ‘धान्यादी माल’ म्हणतात, आणि तोही निविदा मंजूर झालेला पुरवठादारच पोहोचवतो. परिणामी लातूरचा जो शेतकरी बाजार समितीच्या आवारात पडेल भावाने तूर घालून येतो, त्याच्याच कन्येच्या आमटीतील डाळ कोणत्या प्रांतीची, हे त्याला कळण्याची सोय नाही. गावातून घ्यावयाचा तो भाजीपाला आणि इंधन; त्याचेही अनुदान रेंगाळले की मुख्याध्यापक वाण्याकडे उधारी मागतात.

स्थानिक खरेदीत भेसळ होईल, दर चढतील, हे आक्षेप निराधार नाहीत. पण ब्राझीलने 2009 च्या कायद्यान्वये शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीपैकी किमान 30 टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांच्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि ते राज्य आपल्याहून अधिक सचोटीचे आहे असे मानण्यास मला आधार दिसत नाही. आपण निदान तुरीपासून आरंभ करावा: तालुक्यातील शेतकरी कंपनीची तूर, तेथल्याच डाळमिलीत भरडलेली, आणि बिलाची रक्कम महिन्याच्या आत. शिजलेले अन्न वाढण्यापूर्वी चाखण्याची जबाबदारी आज शिक्षकावर आहे. कच्ची डाळ उतरवून घेण्यापूर्वी नापसंत करण्याचा अधिकार तेवढाच स्पष्टपणे शाळा व्यवस्थापन समितीला मिळावा.

— मापाडी